मेंढपाळाच्या स्तोत्रानंतरचं पान

हे लिहिताना माझा उजवा अंगठा अजून बधिर आहे. एका बोटानं एकेक अक्षर दाबत चालले आहे, म्हणून वाक्यं तुटक वाटली तर समजून घ्या.

ज्यांच्या घरचं माणूस आज यंत्राच्या श्वासावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि त्या माणसासाठीही, ज्याला बोलता येत नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्याला ऐकू येतं. खाटेजवळ उभं राहून तुम्ही कुजबुजता, उसासे टाकता, डॉक्टरांना दाराशी नेऊन विचारता, ते सगळं. जपून बोला. आणि बोलत राहा.

पत्रकांचं घर

मी पत्रकांवर वाढले. पप्पा परभणीतल्या एका छापखान्यात कामाला होते आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेश करायचे. छापखान्यात कापून उरलेल्या गुलाबी-पिवळ्या कागदावर ते स्वतःची पत्रकं छापून आणत. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, बाप्तिस्मा घेऊनही जात पाळणाऱ्यांविरुद्ध. शेजारच्या पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा मी पत्रकांना घड्या घालत बसायची, आणि घालता घालता वाचायची. त्यामुळे लिहायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारायची, नाहीतर जाब विचारायचा, एवढंच मला ठाऊक.

मोठी झाल्यावर मंडळीचं रोजचं मनन लिहायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग घ्यायचा, त्यावर दहा-बारा ओळी लिहायच्या आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवायच्या. जे कुणाला झोंबत नाही ते मनन कसलं, असं माझं मत. आमच्या मंडळीतले सगळ्यात म्हातारे याकोबकाका रविवारी दारातच गाठायचे.

"एस्तेर, तुझ्या मननात मिरची लय असतेय गं. वाचता वाचता देवालाबी ठसका लागंल."

"लागू द्या काका. पाणी पाजायला तुमी हायेत की."

सेलूच्या फलाटावर

दुखणं सुरू झालं त्याच्या आदल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, पण ते बरं झालं आणि मी विसरले. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी टायपिंगच्या दुकानात काम करते, तिथं टाइप करताना कीबोर्डच्या कळा लोकरीच्या वाटायच्या. मी म्हटलं, थंडी आहे.

सेलूला एका घरी प्रार्थनेला गेले होते. मनन सांगितलं, चहा झाला, परतायला स्टेशनवर आले. गाडी लागली. डब्याच्या पायरीवर ठेवायला पाय उचलला आणि तो उचललाच गेला नाही. पाय होता, पायरी होती, माझी इच्छा होती. मधलं काहीतरी नव्हतं.

मागे एक कापसाचा व्यापारी उभा होता. "ताई, चढा की! गाडी काय तुमच्यासाठी थांबायली का?"

मी म्हटलं, "चढता येईना."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा आवाजच बदलला. आतल्या दोन बायकांना हाक मारली आणि तिघांनी मिळून मला पोत्यासारखं वर ओढलं. परभणी येईपर्यंत तो माणूस माझी चप्पल हातात धरून बसला होता, कारण एक चप्पल पायातून गळाली तरी मला कळलं नव्हतं. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातातून चमचा पडला. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. काही हललं नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, मग पुन्हा पहिल्यावर. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. संध्याकाळी त्यांनी पप्पा-मम्मीला माझ्या खाटेजवळच उभं करून सांगितलं.

"जीबीएस म्हणतात याला. शरीराची फौज शत्रू समजून स्वतःच्याच नसांवर उलटते. पायाकडून वर चढतं. कुठपर्यंत चढेल ते आज सांगता येत नाही. छातीपर्यंत आलं तर श्वासासाठी यंत्र लावावं लागेल. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो. पण..."

मम्मीनं "पण" ऐकलं. मी "बहुतेक" ऐकलं. पप्पांनी काय ऐकलं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी डॉक्टर एकच परीक्षा घ्यायचे. "एस्तेर, उशीवरून डोकं उचल." पहिल्यांदा उचललं. पुढच्या वेळी अर्धंच. मग एका सकाळी मी सगळा जीव मानेत गोळा केला, आणि छत होतं तिथंच राहिलं. डॉक्टर "असू दे" म्हणाले. त्याच दुपारी घशात नळी गेली.

आमची रीत

पुढचं समजायला आमच्या मंडळीची एक रीत सांगावी लागेल. बाहेर कुठे पाहिली नाही.

आमच्यात आजारी माणसाजवळ शास्त्र निवडून वाचत नाहीत. घरात रोजचं वाचन जिथं थांबलेलं असेल तिथंच खूण असते. तिथून पुढे वाचायचं, मग तिथं काहीही असो. बैलगाडीतून गावोगाव फिरणाऱ्या कुणा जुन्या प्रचारकानं ही रीत घालून दिली म्हणतात. त्याचं म्हणणं असं, की गोड वचन शोधून आजाऱ्याच्या तोंडात घातलं की आपणच देवाच्या वतीनं बोलायला लागतो. आपल्याला तो अधिकार नाही. खूण असेल तिथून वाचा.

याला एकच अपवाद. माणूस शेवटच्या घटकेला आला की खूण बाजूला ठेवायची आणि मेंढपाळाचं स्तोत्र वाचायचं, ज्यात देव मेंढपाळ आहे आणि आपण त्याचं मेंढरू. ते संपलं की पुस्तक मिटायचं. मग गाणं.

मी लहान असताना आत्या गेली. मी कोपऱ्यात पत्रकांना घड्या घालत होते. याकोबकाकांनी खूण काढून बाजूला ठेवली आणि मेंढपाळाचं नाव घेतलं, तसा खोलीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. आत्याचे डोळे उघडे होते. तिलाही कळलं. पुस्तक मिटल्याचा तो आवाज, जाड पुठ्ठ्याचा, अजून माझ्या कानात आहे.

या रितीच्या बाजूनं मी मननात किती वेळा लिहिलंय. गोड वचनांच्या चिठ्ठ्या काढणाऱ्यांना, फोनवर फुलांच्या चित्रात आश्वासनं पाठवणाऱ्यांना चांगलं झोडपलंय. तेव्हा मला चालता येत होतं.

भिंतीवरची बुरशी

अतिदक्षता विभागात सकाळ-संध्याकाळ एकालाच थोडा वेळ आत सोडायचे. चेहऱ्याच्याही नसा गेल्या होत्या, पापण्या मिटत नव्हत्या, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर पट्टी लावलेली. म्हणजे जग उरलं ते कानात. यंत्राचा फुसकारा. बाजूच्या खाटेची घंटी. बादलीची कडी. चारठाण्याची एक सिस्टर होती, तिच्या बांगडीचा आवाज मला ओळखू यायचा, कारण ती अंग पुसण्याआधी बांगडी वर कोपराकडे सरकवायची. अंग पुसताना सांगायची, "आता डावा हात घ्यायलेय बरं का ताई." हलवता न येणाऱ्या हाताला इतक्या अदबीनं विचारणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

आणि पप्पा. कधी त्यांच्या जागी याकोबकाका. खूण होती नियमांच्या भागात. खुणेला पप्पांचंच एक जुनं गुलाबी पत्रक घडी घालून ठेवलेलं. मी यंत्रावर, आणि पप्पा वाचताहेत घराच्या भिंतीवर हिरवट-तांबडी बुरशी आली तर काय करावं.

सुरुवातीला मला रडू आलं. लाज वाटते सांगायला, पण मला गोड हवं होतं. पाणी, सावली, पंख, काहीही. आणि माझ्या वाट्याला आली ओल धरलेली भिंत.

पण कान बंद करता येत नाहीत. दुसरं काही ऐकायला नसलं की माणूस भिंतीचंही ऐकतो. याजक येतो, भिंत बघतो, घर बंद करतो. काही दिवसांनी परत येतो, परत बघतो. वाढली असेल तर तेवढेच दगड काढतो, घर खरवडतो, नवीन दगड बसवतो. परत येतो. परत बघतो. पप्पांच्या त्या सरळ, छापखान्यासारख्या आवाजात मला एकदम ते दिसलं. ज्यानं तारे केले असं आपण म्हणतो, तो एका गरिबाच्या घराच्या ओल्या भिंतीसाठी एवढा वेळ बसलाय. माणूस पाठवतोय. परत पाठवतोय. घर पाडा म्हणायची घाई नाही.

माझ्याकडेही रोज कुणीतरी येत होतं, बघत होतं, परत येत होतं.

त्या खाटेवर मला पहिल्यांदा जी भीती वाटली ती मरणाची नव्हती. ती अशा कुणाच्या तरी समोर असण्याची होती, ज्याच्या नजरेतून बुरशीही सुटत नाही. मी कितीतरी मननं लिहिली होती, पण अशी थरथर कधी लिहिता आली नव्हती. आणि आता थरथरायला अंगच नव्हतं.

म्हणून रोज वाचन सुरू व्हायच्या आधी मी एवढंच ऐकायची, कुठून सुरू होतंय. खुणेवरून झालं की मला कळायचं, घरच्यांनी मला अजून जिवंतात धरलंय. नियम असोत, अर्पणांची मापं असोत, नावांच्या याद्या असोत. जितकं कंटाळवाणं तितका माझा जीव भांड्यात पडायचा. डॉक्टर खरं सांगतील की नाही याचा मला भरवसा नव्हता. पप्पा खूण सोडून वाचणार नाहीत याचा होता.

खाली गेटवर

घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगते.

माझा मामा मनानं मोठा आणि कानानं हलका. जालन्याकडून त्यानं एक उपदेशक शोधून काढला, जो तेल लावून हात ठेवतो आणि गोळ्या-इंजेक्शनं म्हणजे अविश्वास असं शिकवतो. मामा त्याला गाडीत घालून थेट दवाखान्याच्या गेटवर घेऊन आला. भेटीच्या वेळेलाच.

पप्पा गेटमध्ये आडवे उभे राहिले.

"हात ठेवू द्या भाऊजी. तुमची पोरगी हाय म्हणून माझी कुणीच न्हाई का?"

"हात ठेवा. प्रार्थना करा. पण तो म्हणतोय नळी काढा. नळी काढली तर श्वास कोण घेईल, तू?"

"तुमचा विश्वासच न्हाई! पत्रकं छापून विश्वास येत नसतो!"

मम्मी दोघांच्या मध्ये. तिनं एका हातानं भावाला धरलेलं, दुसऱ्या हातात पिशवीत शास्त्र. ती पप्पांना म्हणाली, "तुमी जरा हळू बोला," आणि मामाला म्हणाली, "तू जरा कमी बोल." आणि वर भेटीची वेळ निघून चाललेली.

तेवढ्यात डबा घेऊन वत्सलाबाई आल्या. वत्सलाबाई आमच्या शेजारी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवलं, आता निवृत्त आहेत. अख्खी गल्ली त्यांना नुसतं "बाई" म्हणते. दर शनिवारी पोखर्णीच्या नृसिंहाला जातात. मी लहान असताना पत्रक द्यायला गेले की त्या ते घेऊन आधी शुद्धलेखन तपासायच्या आणि मग परत द्यायच्या. "वेलांटी चुकली. पप्पाला दाखव."

मम्मीनं पिशवी त्यांच्या हातात कोंबली. "बाई, तुमी जा वर. खूण घातलीय तिथून वाचा. कुणीतरी वाचलंच पाहिजे, न्हाईतर पोरीला काय वाटंल."

बाई गेल्या. पण आत काहीही न्यायचं तर ते औषधानं पुसूनच. सिस्टरनं शास्त्र पुसलं, उलटसुलट केलं, आणि गुलाबी पत्रक कुठंतरी गळून पडलं. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बाईंचा आवाज

वर मला यातलं काही माहीत नव्हतं. मी वाट बघत होते. वेळ झाली, पप्पांच्या चपलेचा आवाज आला नाही. मग वेगळीच चाल आणि मास्कच्या आतून शाळेतला आवाज.

"एस्तेर, मी आलेय गं, बाई. पप्पा खाली आहेत. जरा गडबड झालीय. मला म्हणाले तुमी वाचा."

गडबड. पप्पा खाली. बाईंना पाठवलं.

पानं चाळल्याचा आवाज. मग बाईंनी घसा साफ केला, आणि पहिल्याच ओळीत मेंढपाळ आला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मेंढरू आलं, हिरवी कुरणं आली, संथ पाणी आलं. चूक नव्हती. मला सगळं लख्ख कळलं. पप्पांच्यानं हे वाचवलं नाही. स्वतःच्या पोरीला हे कसं वाचणार? म्हणून खाली थांबले, आणि ज्यांना या स्तोत्राचा अर्थ माहीत नाही त्या बाईंना पाठवलं. खूण काढली. माझी वेळ आली.

मला ओरडायचं होतं. थांबा, मी आहे अजून, मला ऐकू येतंय, याद्या वाचा, बुरशी वाचा. एक बोट हललं नाही. फक्त छातीत काहीतरी धडाडत सुटलं आणि डोक्याशी यंत्राची घंटी वाजायला लागली.

बांगडी धावत आली. "काय झालं? ठोके वाढले की हो!"

"काही न्हाई सिस्टर, वाचायलेय."

"हळू वाचा. घाबरल्या वाटतं ताई."

"घाबरायचं काय त्यात? चांगलं आहे की हे."

बाईंनी माझ्या पायावर हात ठेवला. तो मला स्पर्श म्हणून कळला नाही, वजन म्हणून कळला. आणि त्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या, चौथीच्या वर्गाला वाचून दाखवतात तशा, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. आमच्याकडे हे स्तोत्र हुंदक्यात वाचतात. बाईंच्या आवाजात हुंदका नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं की हे रडायचं असतं. त्या पहिल्यांदा वाचत होत्या, पुढं काय होतंय ते बघत.

दरीचा अंधार आला. माझा श्वास यंत्राचा होता म्हणून चालू राहिला. मग काठी आली, मग वैऱ्यांसमोर मांडलेलं ताट आलं, तेल आलं, भरून सांडणारा प्याला आला. स्तोत्र संपलं.

मी वाट बघितली. पुठ्ठा मिटल्याच्या आवाजाची.

"एस्तेर," बाई म्हणाल्या, "हा तर दरीतून बाहेर येऊन जेवायला बसला की गं. मला वाटलं गेला आता. धडा चांगला आहे. पाठ करायला द्यावा असा."

आणि पान उलटलं.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की इथं थांबायचं असतं. सिस्टरनं दिलेली वेळ उरली होती आणि पुस्तकात पुढं लिहिलेलं होतं, म्हणून त्या पुढं वाचत राहिल्या. ते पुढचं स्तोत्र मी किती वेळा वाचलंय, त्यावर मनन लिहिलंय. पण खाटेजवळ, त्या स्तोत्राच्या पाठोपाठ, मी ते जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्यात त्या दोन पानांच्या मध्ये कायम एक मेलेलं माणूस असायचं.

पुढच्या पानावर पृथ्वी होती. सगळी. समुद्रावर पाया घातलेली, तिच्यावर जे जे राहतं त्यासकट त्याची. मग डोंगर होता, कोण चढणार म्हणून विचारणारा. आणि मग वेशींना हाक होती. वेशींनो, डोकी वर करा, राजा आत यायचाय. एकदा सांगून झालं, आणि परत सांगितलं, जसं डॉक्टर मला रोज सांगायचे.

लहानपणी पत्रकं वाटायला पप्पांबरोबर चारठाण्याला गेले होते. तिथल्या जुन्या देवळांचे दगडी खांब मी मान मागे टाकून बघत राहिले होते. शेकडो वर्षं एका जागी. त्या दगडाला कुणी म्हणावं, डोकं वर कर. इतका वेडा हुकूम. आणि हुकूम देणारा असा, की दगडाला वाटावं आपण दगड आहोत हीच आपली चूक झाली.

मी दगड होते. मला हाक आली होती.

हे मी समजावून सांगू शकत नाही, आणि मननासारखं त्याचं तात्पर्यही काढणार नाही. भीती गेली नव्हती. पण भीतीपेक्षा खूप मोठं काहीतरी खोलीत आलं, आणि भीती त्याच्या पायाशी मांजरासारखी बसली. मी मरणार की नाही हा प्रश्न होता तिथंच होता, फक्त तो सगळ्यात मोठा प्रश्न राहिला नाही. पृथ्वी त्याची. मीही त्यातच आले. दरीच्या अलीकडे असले तरी, पलीकडे असले तरी.

जाताना बाई माझ्या कानाशी वाकल्या. "पोखर्णीला तुझ्यासाठी नारळ बोललेय. पप्पाला सांगू नको, पत्रक काढतील."

मला पटत नाही ते आजही पटत नाही, आणि बाईंना ते माहीत आहे. पण त्या दिवशी वाद घालायला तोंड नव्हतं, आणि खरं सांगते, मनही नव्हतं.

खूण सापडली

संध्याकाळी पप्पांच्या चपला वाजल्या. ते आले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "सकाळी खूण पडली होती बाईंकडून. सिस्टरला खाटेखाली सापडली. मग पुस्तक उघडलं तिथूनच त्यांनी भलतंच काहीतरी वाचलं म्हणे. असो. आपलं कुठं थांबलं होतं? हां, वंशांच्या याद्या."

आणि ते वाचायला लागले. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या वंशातले मोजलेले पुरुष, त्यांच्या छावणीची जागा.

डोळ्यांवरच्या पट्ट्या भिजल्या. पप्पा घाबरले. "सिस्टर, हिच्या डोळ्यातून पाणी यायलंय!" नावांच्या यादीला इतकं कुणी रडलं असेल का, मला माहीत नाही.

मान

त्यानंतर बऱ्याच सकाळी काहीच झालं नाही. डॉक्टर यायचे, हाक द्यायचे, जायचे. मग एका सकाळी त्यांनी "एस्तेर, डोकं उचल" म्हटलं आणि मी उचललं. उशी आणि डोकं यांच्यामध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढी फट.

बांगडी खणखणली. "उचललं! सर, उचललं बघा! परत उचला ताई!"

परत नाही जमलं. पण एकदा झालं होतं.

औषधानं काम केलं. नसांना वेळ मिळाला, यंत्रानं तोवर श्वास दिला, माणसांनी कूस बदलून दिली. हे मी ठासून लिहिते, कारण इलाज बंद करा म्हणणारे अजून फिरतायत, आणि तुमच्याही गेटवर येतील. त्यांना आत सोडू नका. प्रार्थना करणाऱ्या हातांना नळी काढायचा अधिकार नाही. ज्याला मी देव म्हणते तो औषधाचा वैरी नाही. तो याजकाला परत परत भिंत बघायला पाठवणारा आहे.

पुढे घशातली नळी काढून गळ्यात बसवली आणि तिला बोलण्याचं टोपण लावलं. पप्पांनी विचारलं, "काय वाचू?" गोड वचन मागायची मोकळीक होती मला.

माझा पहिला शब्द फाटक्या भोंग्यासारखा निघाला. "पुढं."

खुर्ची

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मंडळीत जायचं होतं. आमच्या चर्चला उंच पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीची एक बाजू पप्पांनी धरली. दुसरी बाजू कोण धरतंय म्हणून बघितलं तर मामा. गेटवरच्या भांडणानंतर दोघांत बोलणं नव्हतं. त्या दिवशीही बोलले नाहीत. पण एक पायरी दोघांनी एकदम चढली, मग दुसरी, एकमेकांच्या पावलाकडे बघत. शास्त्रात चौघांनी छप्पर उकलून एका लुळ्याला खाली सोडल्याची गोष्ट आहे. ते चौघं एकमेकांशी बोलत होते की नाही, हे त्यात लिहिलेलं नाही. वर पोचल्यावर मामा म्हणाला, "वजन वाढलंय हिचं." पप्पा हसले. एवढंच. पण मम्मीनं तिथंच पायरीवर बसून घेतलं.

याकोबकाका

मी वॉकर धरून चालायला लागले तेव्हा याकोबकाकांनी अंथरूण धरलं होतं. त्यांचा आजार वेगळा होता, वय झालं होतं, आणि त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी "बहुतेक" हा शब्द वापरला नाही. त्यांच्या घरी खुणेवरून वाचन चालू होतं, मीही जाऊन वाचत होते.

एके दुपारी त्यांच्या मुलानं निरोप पाठवला. मी वॉकर टेकत गेले. खोलीत माणसं होती. मुलानं खूण काढून बाजूला ठेवली होती आणि पुस्तक माझ्यापुढे केलं. काकांचे डोळे उघडे होते. त्यांनी खुणेकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी ती खूण काढली होती.

"मिरची नको घालू," ते पुटपुटले.

मी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं. बाईंसारखं, स्वल्पविरामाला थांबत. बायकांनी पदर तोंडाला लावले. स्तोत्र संपलं. मुलानं पुस्तक मिटायला हात पुढे केला.

मी पुस्तक सोडलं नाही.

"एस्तेर," तो हळूच म्हणाला, "झालं."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी रीत सांभाळली होती, पत्रकं वाटली होती, माझ्याजवळ बसून बुरशी वाचली होती. आता ते माझ्या बधिर अंगठ्याकडे बघत होते. तो पानाच्या कोपऱ्याशी धडपडत होता.

"पुढं लिहिलंय, काका," मी म्हटलं.

त्यांनी उशीवरून डोकं उचललं. थोडंसंच.

आणि मी पान उलटलं.